डांबराला आणि धुऱ्याला एकच गाडी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजची विषयपत्रिका पाहून काही जणांनी मला विचारले, कापसाच्या भावाचा प्रश्न पेटलेला असताना हा फटफटीचा विषय मध्येच कुठून आला? मंडपाच्या बाहेर जाऊन बघा म्हणजे उत्तर मिळेल. बंड्या किती उभ्या आहेत आणि फटफट्या किती, ते मोजा. जमीन, घर, बैलजोडी आणि लेकीचे लग्न सोडले तर कोरडवाहू घरातून एका वेळी एवढा पैसा दुसऱ्या कशावरही जात नाही. बियाण्याचे एक पाकीट घेताना आपण चार दुकाने फिरतो. लाखाच्या घरातली गाडी घेताना मात्र पोराने जाहिरात पाहिलेली असते, दुकानदाराने हप्ता सांगितलेला असतो आणि बाप सही करून मोकळा होतो.

तेव्हा आधी हिशेब. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. शंभर सीसीची साधी गाडी नोंदणी, विमा, सगळे धरून नव्वद हजारांच्या आसपास जाते. म्हणजे अकरा क्विंटल कापूस, आणि तोही हमीभावाने विकला गेला तर. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा. सव्वादोन ते पावणेतीन एकरांची सगळी पऱ्हाटी त्या गाडीत गेली, एक पैसाही खर्च वजा न करता. संकरित ज्वारीच्या ३,६९९ च्या हमीभावाने मोजायचे तर चोवीस क्विंटल ज्वारी. आणि त्याच २०२५ साली १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते पुढे ३१ डिसेंबरपर्यंत उठलेलेच ठेवले. नेमका आपला कापूस घरात यायचा काळ. असो, त्यावर दुपारच्या सत्रात बोलणे होणारच आहे.

हल्ली शहरात एक शब्द फार चालतो, 'ऑफ-रोड'. शनिवार-रविवार गाडी डोंगरात न्यायची, चिखलात लोळवायची, सोमवारी धुऊन कचेरीत जायचे. त्यासाठी वेगळ्या गाड्या निघाल्या, वेगळे बूट निघाले. आपण तर सातही दिवस ऑफ-रोड, सरकारच्या कृपेने. गावापासून तालुक्यापर्यंत डांबर, गावापासून शिवारापर्यंत पांदण, आणि पांदण संपली की धुरा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. योजना कागदावर चांगली आहे. तुमच्या गावात तिचा मुरूम कुठपर्यंत पोचला, हे तुम्हीच सांगा. मुद्दा एवढाच की डांबर आणि पांदण या दोन्हींवर चालणारी गाडी ज्याला खरोखर लागते तो शेतकरी, आणि गाडीचा कारखानदार ती बनवताना ज्याचा विचार सर्वांत शेवटी करतो तोही शेतकरीच.

हे काही आपल्या नशिबाचे भोग नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मेंढ्या आणि गुरे राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी जपानी कारखाने कित्येक दशकांपासून शेतीची म्हणून वेगळी मोटरसायकल बनवत आले. यामाहाची एजी १००, एजी २००, सुझुकीची टीएफ १२५, होंडाची सीटी ११०. यातली सीटी ११० ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने पत्रे वाटायला वर्षानुवर्षे वापरली. या गाड्यांत काय असते ते नीट ऐका. पुढे आणि मागे लोखंडी कॅरिअर. चेन पूर्ण झाकलेली, म्हणजे माती आणि पाणी आत जाणार नाही. एजी गाड्यांना दोन्ही बाजूंना स्टँड, कारण शेतात जमीन सपाट नसते. हँडलच्या टोकांना गार्ड. इंजिन लहान, वेग कमी, ओढ जास्त, आणि दुरुस्ती कोणालाही जमेल अशी. दिसायला गाडी अगदी सामान्य. जाहिरातीत उडी मारताना कोणी दाखवत नाही. आफ्रिकेतसुद्धा मदत संस्थांनी आणि आरोग्यसेवकांनी याच जातीच्या गाड्या वापरल्या.

आपल्याकडे काय झाले? १९७२ साली लूना आली. राजदूत आणि येझदी या दणकट गाड्या होत्या, दूधवाल्याचे चार-चार कॅन ओढायच्या, पण पेट्रोल प्यायच्या तशाच. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि कमी पेट्रोलमध्ये लांब जाणारी गाडी म्हणजेच चांगली गाडी हे आपल्या डोक्यात पक्के बसले. चुकीचे बसले असे मी म्हणत नाही. पण या गाड्या डांबरासाठी घडवलेल्या होत्या. डांबर आणि माती दोन्हींची म्हणून परवडणारी गाडी हिरोने २०११ साली इम्पल्स नावाने आणली, दीडशे सीसीची. ती चालली नाही, बंद पडली. मग २०१९ साली एक्सपल्स २०० आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ९७,००० होती. जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आली ती पावणेदोन लाखांना. पावणेदोन लाख भागिले ८,११० करा. साडेएकवीस क्विंटल कापूस, आणि नोंदणी-विमा वेगळाच.

काळ्या मातीची परीक्षा

आता मी शेतीशाळेत जे शिकलो त्यातले थोडे या गाडीला लावतो. आपली काळी जमीन ज्या चिकणमातीची आहे ती स्मेक्टाइट जातीची. पाणी मिळाले की फुगते, सुकली की भेगाळते. याच गुणामुळे ती पाणी धरून ठेवते आणि पाऊस गेल्यावरही रब्बीची ज्वारी त्या ओलीवर उभी राहते. आणि याच गुणामुळे ओली असताना ती चाकाला सोडत नाही. लाल मुरमाचा चिखल चाकाबरोबर उडून जातो. काळा चिखल टायरला चिकटतो, मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या फटीत भरत जातो, थोडे पुढे गेले की चाक आवळते आणि गाडी उभी. इंजिनात ताकद दहा घोड्यांची असो की वीस, आवळलेले चाक ती फिरवू शकत नाही. मग माणूस काडीने चिखल खरडत बसतो.

म्हणून गाडी बघताना पहिली गोष्ट इंजिन नव्हे. खाली बसा आणि पुढच्या मडगार्डखाली हात घाला. दोन बोटे जात नसतील तर आषाढात ती गाडी तुमच्या पांदणीत चालणार नाही. एक्सपल्ससारख्या गाडीचे खरे भूषण हेच आहे की तिथे पुढे मोकळी जागा मोठी, पुढचे चाक २१ इंचाचे, त्यामुळे ढेकूळ आणि बंडीच्या चाकोऱ्या ती सहज ओलांडते, आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. स्प्लेंडरचे पोट १६५ मिलिमीटरवर, प्लॅटिनाचे २००. बजाजने २०२१ मध्ये सीटी ११० एक्स काढली, तिला १७० मिलिमीटर उंची, इंजिनाखाली पत्रा, जाड नक्षीचे टायर आणि मागे कारखान्यातूनच बसवलेले कॅरिअर दिले. वजन १२७ किलो. कारखानदाराच्या मनात कोणीतरी खेड्यातला माणूस आला होता, हे त्या गाडीवर दिसते.

पण एक लक्षात ठेवा. वाफसा आल्याशिवाय आपण डवरा घालत नाही, कारण ओल्यात डवरा घातला तर जमीन बिघडते. फटफटीलाही तोच नियम. भर पावसात काळ्या रानात जाईल अशी गाडी कोणाच्याही दुकानात नाही, दोन लाखांचीही नाही. ओल्या धुऱ्यावरून रोज गाडी नेली तर तिथे चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी वाहते आणि पाण्याबरोबर धुऱ्याची माती जाते. पाऊस झाला की गाडी पांदणीच्या तोंडाशी लावा आणि पायी जा. वर्षातले चाळीस-पन्नास दिवस असे धरले तर उरलेल्या तीनशे दिवसांसाठी गाडी निवडायची आहे. जाहिरात त्या पन्नास दिवसांची असते. आपण विकत घेतो ती तीनशे दिवसांसाठी.

टायरचेही तसेच. मोठ्या बटणांचा टायर चिखलात धरतो, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की घसरतो, आणि डांबरावर लवकर झिजतो. मध्यम नक्षीचा, खोल खाचांचा टायर मागच्या चाकाला घाला आणि पुढचा आहे तसा राहू द्या, एवढे बहुतेकांना पुरते. बाभळीच्या काट्याचे विचाराल तर ट्यूबलेस टायर बरा, काटा आत राहिला तरी हवा हळूहळू जाते आणि माणूस घरी पोचतो. दगडगोट्यांची वाट असेल तर तारेचे चाक बरे. वाकले तरी गावातला मिस्त्री सरळ करतो. ओतीव चाकाला तडा गेला की ते फेकूनच द्यावे लागते.

चेनकडे फार कोणी बघत नाही. आपल्या साध्या शंभर सीसीच्या गाड्यांना पूर्ण झाकलेले चेनकव्हर असते. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याच्या गाडीला आहे तेच. एक्सपल्सला आणि तिच्या जातीच्या सगळ्या गाड्यांना चेन उघडी. काळी माती आणि तेल एकत्र झाले की कानसेसारखे काम करते. दर आठवड्याला चेन धुऊन तेल द्यायची ज्याच्या घरात शिस्त आहे त्याने उघड्या चेनची गाडी घ्यावी. नाही तर कव्हर काढून 'स्टाइल' करणाऱ्या पोराला आजच सांगा, ते कव्हर परत बसव.

ओझे आणि माणसे

शेतकऱ्याची गाडी एकट्याची नसते. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. फवारणीच्या दिवशी पंप, पाण्याचे कॅन, औषधाची बाटली आणि मागे बायको. टीव्हीएसची एक्सएल १०० ही गाडी शहरातला माणूस हसण्यावारी नेतो. पण गिअर नाही, पाय ठेवायला सपाट जागा, तिथे गोणी आडवी बसते, वजन नव्वद किलोच्या आत, म्हणून पडली तर म्हातारा माणूसही उचलतो, आणि १३० किलो ओझे नेण्यासाठी ती घडवलेली आहे. तिची टाकी लहान, चाके लहान, खड्ड्यात त्रास देते, महामार्गावर तिच्यावर बसून जिल्ह्याला जाऊ नये. पण ज्याचे शेत गावापासून तीन-चार किलोमीटरच्या आत आणि वाट मुरमाची, त्याला याहून स्वस्त आणि उपयोगाचे दुसरे वाहन मला माहीत नाही.

आता त्या १३० किलोचा अर्थ नीट समजून घ्या. चालवणारा साठ किलोचा, मागे बसणारा पन्नासचा, म्हणजे ओझ्याला वीस किलो उरले. गोणी आणि माणूस यांतले एकच मागे बसेल. दोन्ही बसवले की पुढचे चाक हलके होते, आणि ढेकळावर हँडल फिरते ते याच कारणाने. ज्यांना रोज ओझे न्यायचे आहे त्यांनी मागचे चेनचक्र एक-दोन दातांनी मोठे बसवून घ्यावे. वेग थोडा कमी होतो, पेट्रोल थोडे जास्त लागते, पण चढाला क्लच जळत नाही. आणि औषधाची बाटली भाकरीच्या पिशवीत टाकू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे या सभेत मी सांगायला नको.

मायबहिणींनो, गाडी निवडताना तुम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून हे मी विचारतो. निंदणाला, वेचणीला तुम्ही जाता, पण गाडी कोणाच्या सोयीने घेतली जाते? एक्सपल्सचे आसन जमिनीपासून ८२० मिलिमीटरच्या वर. लुगडे नेसलेल्या बाईने त्यावर एका बाजूने बसायचे आणि पांदणीत हादरे खायचे. पाच फूट दोन-तीन इंचांचा चालवणारा उतारावर थांबला तर त्याचाच पाय टेकत नाही, मागच्या बाईचे काय? १९८६ साली चांदवडला लाखभर बायाबापड्या जमल्या तेव्हा शेतीतल्या बाईच्या मालकीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. गाडीच्या बाबतीत तो अजून घराच्या ओसरीतच आहे. ज्या घरात मुलगी-सून गाडी शिकायला तयार आहे तिथे सगळ्यांना चालवता येईल अशी बुटकी, हलकी गाडी घ्या आणि नोंदणी बाईच्या नावावर करा. आणि जावयाला लग्नात देण्यासाठी गाडी घेणारे इथे कोणी असतील तर त्यांच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही. तो हुंडा आहे आणि हुंड्याला कोणतीच गाडी परवडणारी नसते.

पेट्रोलचा हिशेब एकदाच करून टाकू. रोज २५ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,५०० किलोमीटर. शंभर सीसीची गाडी लिटरला ६० देते असे धरा, १२५ लिटर लागले. दोनशे सीसीची ३८ देते असे धरा, १९७ लिटर लागले. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाचा फरक साडेसात हजारांचा. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० होता. म्हणजे दोनशे सीसीची गाडी दारात उभी करणारा दर वर्षी एक क्विंटल कापूस तिच्या टाकीत ओततो, आणि टायर, ब्रेक, चेन वेगळे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिले नाही. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे गाडी थोडे कमी अंतर देते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. जुनी कार्ब्युरेटरची गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी ठेवली तर खाली पाणी साचते आणि रबराच्या नळ्या लवकर कडक होतात. उभी ठेवायची असेल तर पेट्रोल संपवून ठेवा. या इथेनॉलचे पैसे ऊसवाल्याला आणि मकेवाल्याला थोडेफार मिळाले. आपल्या ज्वारीला काय मिळाले ते विचारू नका.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. ते सकाळी पटकन सुरू होते, पेट्रोल मोजून देते, हे खरे. पण बॅटरी पार उतरली की गाडी ढकलूनही दाद देत नाही, आणि गावातल्या मिस्त्रीकडे त्याचे यंत्र नसते. म्हणून नवी गाडी घेण्याआधी आपल्या बाजाराच्या गावात त्या गाडीचे काम करणारा कोण आहे आणि केबल, क्लचप्लेट, ब्रेकशू किती वेळात मिळतात ते विचारा. ऐन वेचणीत गाडी आठ दिवस पार्टची वाट बघत उभी राहिली तर तिचा तरणेपणा काय कामाचा?

नाल्याचे एक सांगतो, कारण दर पावसाळ्यात हे होते. नाल्यातून जाताना गाडी बंद पडली तर स्टार्टर दाबू नका, किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, मग किक मारून पाणी बाहेर पडू द्या. आणि नाला ओलांडल्यावर शंभर पावले ब्रेक हलका दाबत चाला, ड्रमब्रेक ओला असताना धरत नाही.

हप्त्याचा फास

आता खऱ्या दुखण्यावर येतो. नव्वद हजारांच्या गाडीला दुकानदार म्हणतो, दहा हजार टाका, ऐंशी हजारांचे कर्ज, व्याज फक्त बारा टक्के. त्याच्या तोंडून 'फक्त' आला की सावध व्हा. तो बारा टक्के सरळ दराने सांगतो. ऐंशी हजारांवर तीन वर्षांचे व्याज २८,८००. एकूण १,०८,८००, भागिले ३६, हप्ता ३,०२२ रुपये. आता बघा, पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल फेडत आहात, दीड वर्षात अर्ध्याच्या आसपास मुद्दल फिटले, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ऐंशी हजारांवर लावले आहे. शिल्लक मुद्दलावर मोजले तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडले तर चार टक्क्यांनी पडते. ते मिळवायला सात-बारा घेऊन बँकेच्या दारात चार चकरा. २१ टक्क्यांचे कर्ज मात्र दुकानाच्या काउंटरवर अर्ध्या तासात. ज्या कर्जाने शेती उभी राहते ते अवघड, ज्याने शेतकरी आडवा होतो ते सोपे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. हप्ता महिन्याचा, आणि कापसाचा पैसा येतो नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. जून-जुलैत बियाणे, खत, निंदण, सगळे पैसे बाहेरच जात असतात, आणि त्याच वेळी ३,०२२ चा हप्ता. चेक परत गेला की बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. मग माणूस व्यापाऱ्याकडून कापसावर उचल घेतो, आणि कापूस वेचण्याआधीच त्याचा भाव ठरून जातो. फटफटीच्या हप्त्याने कापसाचा भाव पडतो तो असा.

यावर आपल्या हातात काय आहे? पहिले, गाडी पाडव्याला किंवा दसऱ्याला घ्यायची हौस सोडा, दोन वेचण्या विकून झाल्यावर घ्या. पन्नास हजार रोख टाका, कर्ज चाळीस हजारांचे, मुदत दीड वर्षाची. त्याच बारा टक्के सरळ दराने व्याज होते ७,२००, म्हणजे २८,८०० च्या जागी सव्वासात हजारांच्या आत. आणि हप्ता वाढत नाही, उलट २,६२२ होतो. एवढे रोख नसेल तर गाडी एक वर्ष पुढे ढकला किंवा जुनी घ्या.

जुनी घेताना कागद आधी, गाडी नंतर. चासीचा आणि इंजिनाचा नंबर नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून बघा. पुस्तकावर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव लावून घ्या. 'नाव नंतर लावू' म्हणून घेतलेल्या गाडीने अपघात झाला की दोन्ही घरे कोर्टात. पंधरा वर्षे होत आलेली गाडी स्वस्त वाटते, पण तिची नोंदणी पुन्हा करावी लागेल, तो खर्च धरा. गाडी थंड असताना सुरू करून बघा, विकणारा ती तापवून ठेवतो. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर रिंग गेल्या.

नवी गाडी घेताना बिलावरची प्रत्येक ओळ विचारा. 'हाताळणी खर्च', सजावटीचे सामान, नको असलेला विमा, असे बरेच काही त्यात शिरलेले असते. नव्या गाडीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, तो द्यावाच लागतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही घ्या, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर तो मिळत नाही. सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मयताच्या घराला २ लाख मिळतात, तिथेही मयत गाडी चालवत असेल तर लायसन्सचा कागद मागतात. आपल्या गावात शंभर जण गाडी चालवतात, त्यातल्या कितींच्या खिशात लायसन्स आहे? तालुका शाखांनी या उन्हाळ्यात लायसन्सची शिबिरे घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. हेल्मेट घ्या, आयएसआय छापाचे. रात्री ओलिताला जाताना रोही आडवा येतो तेव्हा तो तुमचा सात-बारा विचारत नाही.

तर कोणी कोणती घ्यावी? दहा एकरांच्या आतला कोरडवाहू शेतकरी, बाजार पंधरा-वीस किलोमीटरवर, शेत जवळ, त्याने शंभर-एकशेदहा सीसीची, उंच पोटाची, झाकलेल्या चेनची गाडी घ्यावी. मागे लोखंडी कॅरिअर गावातल्या वेल्डरकडून करून घ्यावे, मागचा टायर बदलावा, पुढचे मडगार्ड वॉशर घालून बोटभर वर उचलून घ्यावे. चार-पाच हजारांत ती ऐंशी टक्के ऑफ-रोड गाडी होते. शेत डोंगराळ, वाट दगडाची, ओझे कमी, अंतर जास्त, आणि घरात महिन्याला येणारा पगार किंवा दूध असेल, त्याने एक्सपल्स घेतली तर मी नाव ठेवणार नाही, गाडी चांगलीच आहे. हिमालयनसारख्या पावणेदोनशे-दोनशे किलोच्या गाड्या शिवारात पडल्या तर उचलायला सालगडी लागेल, त्यांचा विचार इंडियातल्या लोकांनी करावा.

आता ठरावाचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५. आठ वर्षे आपण फटफटीवर २८ टक्के भरत होतो, जणू ती चैनीची वस्तू होती. ट्रॅक्टर शेतीचे अवजार म्हणून ५ टक्क्यांत येतो, तर पाच एकरवाल्याचा ट्रॅक्टर म्हणजे त्याची फटफटी. १२५ सीसीच्या आतल्या, कॅरिअर आणि झाकलेल्या चेनच्या गाड्यांना तोच दर लावावा, ही पहिली मागणी. दुसरी, ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात, तसेच सात-बारा असलेल्याला मोटरसायकलीच्या कर्जालाही मिळावेत. तिसरी, दुकानाच्या पाटीवर व्याज शिल्लक मुद्दलाच्या दराने लिहिले जावे, मराठीत, आणि मोठ्या अक्षरात.

मसुदा टेबलावर ठेवला आहे, वाचून सह्या करा. ज्यांनी गेल्या तीन वर्षांत गाडी कर्जावर घेतली आहे त्यांनी कर्जाचा कागद आणि हप्त्यांचा तक्ता घेऊन पुढच्या बैठकीला यावे. प्रत्येकाचा खरा दर आपण तिथेच काढू, आणि ते आकडे निवेदनाला जोडू.